ग्रास कटर सुरू होत नाही, किंवा रेस दिली की मरतो? कार्बोरेटर उघडण्याआधी हे बघा

पावसाने जरा उघडीप दिली की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते, आणि त्याच सुमारास दुरुस्तीच्या दुकानांपुढे ग्रास कटरची रांग लागते. तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात ठेवलं तेव्हा मशीन छान चालत होतं, आता दोरी ओढून खांदा गेला तरी दाद देत नाही. किंवा सुरू होतं, पण ट्रिगर दाबला की भुर्रकन मरतं. निदानही ठरलेलं असतं: "कार्बोरेटर गेला," म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग बिघडला. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतं आणि साधा बिघाड अवघड होऊन बसतो.

यातल्या बऱ्याच मशीनना कार्बोरेटरची दुरुस्ती लागतच नाही. शिळं पेट्रोल, टाकीतला तुंबलेला फिल्टर, चिरलेली नळी, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक, काळा पडलेला प्लग, यांतलंच काहीतरी निघतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करून महागाच्या आणि अवघड गोष्टींकडे नेल्या आहेत. क्रम मोडू नका. हे सगळं खांद्यावरच्या किंवा पाठीवरच्या, साधारण २६ ते ५२ सीसीच्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) मशीनसाठी आहे. होंडा जीएक्स ३५ सारखं फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालत नाही" एवढं पुरत नाही. मशीन नेमकं काय करतं ते बघितलं तर अर्धं काम तिथेच होतं.

अजिबात आवाज देत नाही, एकदाही फुटत नाही, आणि प्लग काढला तर कोरडा: इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाही.

अजिबात आवाज देत नाही, प्लग मात्र ओलाचिंब: एकतर ठिणगी नाही, नाहीतर चोक लावून खूप ओढल्यामुळे इंजिनात पेट्रोल भरलंय.

चोकवर सुरू होतं, चोक काढला की बंद: पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते.

मंद चालतं, रेस दिली की घुसमटून मरतं: पेट्रोलचा मार्ग अर्धवट तुंबलाय, किंवा कार्बोरेटरचा पडदा कडक झालाय. सायलेन्सर कार्बनने भरला तरी जवळजवळ असंच होतं.

दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं, मग बंद, आणि थंड झाल्यावर परत सुरू: टाकीच्या झाकणाची हवेची वाट बुजलेली, नाहीतर कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) खराब.

न दाबताच रेस चढते आणि खाली येत नाही: या यादीतलं हे एकच लक्षण असं आहे की त्यावर घरी प्रयोग करत बसू नये. का ते शेवटी येईल.

मशीन चोकशिवाय कसंबसं चालत असेल तर एक फुकटची चाचणी आहे. इंजिन गरम असताना पूर्ण रेसवर धरा आणि चोक एका क्षणासाठी अर्धा लावून बघा. आवाज सुधारला, रेस वाढली, तर पेट्रोल कमी पडतंय. नळ्या, फिल्टर, कार्बोरेटर या बाजूला लागा. आणखीच गुदमरलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा हवा-धूर अडलाय; एअर फिल्टर आणि सायलेन्सर बघा. ही चाचणी न करता सुटे भाग आणायला जाणारे लोक हमखास चुकीची वस्तू घेऊन येतात.

हात लावण्याआधी स्विच बंद करा, प्लगची टोपी काढा आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. पातं लावलेलं असेल तर ते काढूनच ठेवा. पात्याचा नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. सवयीने दुसरीकडे जोर लावलात तर आटे जातात.

बघायलाच लागतील अशा फुकटच्या गोष्टी

स्विच चालूवर आहे का? हसू येईल, पण हँडलवरचा स्विच गवतात घासून बंदवर सरकतो, आणि तो अर्धवट सरकला असेल तर बाहेरून कळतही नाही.

चोकची दिशा खात्रीने ओळखा. स्वस्त मशीनवरची खूण दोन हंगामांत पुसली जाते. एअर फिल्टरचं झाकण काढून दांडी हलवा: तोंडावर पत्रा येतो ती बाजू चोकची. थंड इंजिनला चोक लावून दोरी चार-पाच वेळा ओढा. एकदा फुटल्यासारखा आवाज आला की चोक काढा आणि मग ओढा. त्या पहिल्या आवाजानंतरही चोक लावून ओढत राहणं हे इंजिनात पेट्रोल भरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

भरलंच असेल तर स्विच बंद ठेवून प्लग काढा, प्लगची टोपी भोकापासून लांब धरा, चोक काढा, ट्रिगर पूर्ण दाबून दोरी आठ-दहा वेळा ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास विडी-सिगारेट नको. प्लग पुसा, वाळवा, बसवा आणि चोकशिवाय ओढा.

पंपिंगचा बल्ब दाबा. पारदर्शक रबराच्या त्या फुग्यात पेट्रोल दिसलं पाहिजे आणि सात-आठ दाबांत हवेचे मोठे बुडबुडे थांबले पाहिजेत. तो बरंच काही सांगतो. दाबला आणि परत फुगलाच नाही, तर टाकीकडून येणारा मार्ग बंद आहे: फिल्टर किंवा नळी. दाबताच येत नाही, दगडासारखा लागतो, तर पुढे परतीच्या नळीत किंवा खुद्द कार्बोरेटरमध्ये अडलंय. नुसती हवाच येत राहते, तर नळी चिरली आहे किंवा बल्बला भेग आहे. या जातीच्या कार्बोरेटरमध्ये बल्ब इंजिनात पेट्रोल ढकलत नाही, जास्तीचं टाकीत परत जातं. त्यामुळे चार दाब जास्त झाले म्हणून बिघडत काही नाही.

पेट्रोल: इथे घाई करू नका

टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? महिन्याच्या वर झाला असेल तर वास-रंग न बघता काढून टाका. पेट्रोलमधला पटकन पेटणारा भाग आधी उडून जातो आणि मागे राहतं ते थंड इंजिनात धड पेट घेत नाही.

२०२५ पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे जवळपास सगळीकडे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी पडवीत दोन महिने राहिली तर ही ओल साठत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाला बसतात. फिल्टर तळालाच असतो. म्हणजे इंजिन सगळ्यात आधी तेच ओढतं. त्यात आणखी वाईट म्हणजे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं; खालच्या थरात वंगण जवळजवळ नसतंच. चुकून इंजिन त्याच्यावर सुरू झालं आणि चाललं, तर नुकसान न सुरू होण्यापेक्षा मोठं.

तपासायला काहीच लागत नाही. टाकीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत ओता आणि पंधरा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा पाण्याचे थेंब गोळा झाले, किंवा सगळंच दुधाळ दिसलं, तर ते वापरू नका, ताज्या पेट्रोलमध्ये मिसळूनही नको. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून तेही काढून टाका. गटारात किंवा कलमाच्या बुंध्याशी ओतू नका. गॅरेजवाले भाग धुवायला असलं पेट्रोल बहुधा ठेवून घेतात.

मग ऑइलचं प्रमाण. १ लिटर पेट्रोलला ४० मिली म्हणजे २५:१, आणि २० मिली म्हणजे ५०:१. साधं टू-टी ऑइल असेल तर बरेच उत्पादक २५:१ सांगतात. चांगल्या प्रतीचं, त्यांनी स्वतः सुचवलेलं ऑइल असेल तर ५०:१. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच धरा, शेजाऱ्याच्या मशीनचं नको. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या, आणि मापून घाला. "टोपणभर" हे माप नव्हे, कारण प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं. कमी ऑइलने पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकतो. जास्त ऑइलने लगेच काही होत नाही म्हणून लोक हात सैल सोडतात, पण प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो, त्याकडे पुढे येऊच.

मिश्रण टाकीत करू नका. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि चांगलं हलवून टाकीत. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल ठेवायची सवय तर मोडाच: आत राहिलेले दोन थेंब पाणी छोट्या कार्बोरेटरला पुरतात, आणि घरात कोणी तहानेने ती बाटली तोंडाला लावली तर काय, याचा विचार करा.

फोर-स्ट्रोक मशीनच्या टाकीत नुसतं पेट्रोल. ऑइल वेगळ्या भोकातून इंजिनात. जीएक्स ३५ मध्ये ते जेमतेम १०० मिली मावतं. डोळ्याने ओतलं की जास्त होतं, आणि जास्तीचं ऑइल एअर फिल्टरमध्ये येऊन मशीन धूर काढत घुसमटतं. बागेत दोन्ही जातीची मशीन असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवा आणि त्यावर ठळक लिहा. टू-स्ट्रोकमध्ये चुकून कोरडं पेट्रोल गेलं तर इंजिन काही मिनिटांत जातं, आणि ते खर्चाचं काम आहे.

ताजं, मापून मिसळलेलं पेट्रोल घालून, बल्ब दाबून, पुन्हा सुरू करून बघा. बरीच मशीन इथेच सुरू होतात.

झाकण, फिल्टर, नळ्या

पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी टाकीत हवा आली पाहिजे. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वरच्या अंगाला बारीक वाट असते. ती धूळ आणि ऑइलने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल येणं थांबतं. तपासणी अशी: मशीन बंद पडलं की लगेच झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन परत सुरू झालं, तर दोष सापडला. झाकण पेट्रोलमध्ये धुवा, तोंडाने न फुंकता पंपाने हवा मारा, नाहीतर झाकण बदला. झाकण कायम सैल ठेवून काम करू नका. गरम सायलेन्सर तिथून वीतभर अंतरावर असतो.

टाकीतला फिल्टर तारेचा आकडा करून नळीसकट बाहेर ओढा. तार गुळगुळीत असावी, टोकदार नको, नाहीतर नळीलाच भोक पडतं. फिल्टर तपकिरी, चिकट किंवा कडक असेल तर बदला. तो इतका स्वस्त आहे की धुवून परत घालण्यात अर्थ नाही. फिल्टर काढून मशीन चालवून बघणं मात्र चुकीचं, कारण त्यानंतर कचरा थेट कार्बोरेटरच्या जाळीत जातो.

नळ्या बोटांनी वाकवा. चिकट झाल्या असतील, फुगल्या असतील किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर बदला. टाकीच्या भोकातून आत शिरते तिथे आणि कार्बोरेटरच्या टोकावर भेगा आधी येतात, आणि तिथे पेट्रोल गळायच्या आधी हवा शिरायला लागते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि मशीन मात्र रेस घेत नाही. जुन्या मशीनच्या नळ्या इथेनॉलच्या पेट्रोलने लवकर जातात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: एक नळी फिल्टरकडून येते, दुसरी परतीची, आणि त्या उलट जोडल्या की बल्ब कितीही दाबा, पेट्रोल चढत नाही. नवी नळी जुन्याच मापाची, नेमक्या आतल्या-बाहेरच्या व्यासाची घ्या. सैल नळीला तार गुंडाळून काम भागत नाही.

एअर फिल्टर, पंख्या आणि गार्ड

स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. पुस्तिकेत ऑइल लावायला सांगितलं असेल तर काही थेंब लावून दाबून सगळीकडे पसरवा. कागदाचा किंवा नमद्याचा फिल्टर पाण्यात घालू नका, झटका, आणि फारच भरला असेल तर नवा घाला. सुक्या गवतात काम असेल तर हे रोजचं आहे, महिन्याचं नाही. फिल्टर काढून मशीन चालवणं म्हणजे सिलिंडरमध्ये लाल माती घालणं. जांभ्याच्या त्या धुळीने रिंगा लवकर झिजतात.

सिलिंडरच्या पंख्यांमध्ये (थंड होण्यासाठी बाहेरून असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) गवताचा भुसा आणि ऑइल यांचा थर बसतो. कव्हर काढून लाकडी काडीने काढा. थंड होण्याची वाट बंद झाली की इंजिन तापून ताकद सोडतं, आणि लोक बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देतात.

इंजिनाशी थेट संबंध नसलेली पण त्याच तक्रारीने येणारी गोष्ट म्हणजे नायलॉनची दोरी. गार्डच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती वाढलेली दोरी आपोआप कापते. अडचण होते म्हणून गार्ड काढून टाकला की दोरी हवी तेवढी लांब राहते, तिचा भार इंजिनाला झेपत नाही, रेस चढत नाही, क्लच घसरून तापतो. पोटरीवर दगड बसतो तो वेगळाच. गार्ड लावा, दोरी मापात आणा, आणि मग "ताकद नाही" ही तक्रार उरते का बघा. लहान मशीनला मापापेक्षा जाड दोरी घातली तरी हेच होतं, २.४ मिमीच्या हेडला ३ मिमीची दोरी घालून इंजिनाला नावं ठेवू नयेत.

प्लग आणि ठिणगी

प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, ऑइलने माखलेलं म्हणजे ऑइल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, जळकट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय. तसा प्लग दिसला तर नुसता बदलून पुढे जाऊ नका, कारण शोधा. फट ०.६ ते ०.७ मिमी, बहुतेक छोट्या इंजिनांना हीच. ती मोजायचा फिलर गेज गॅरेजमध्ये मिळतो. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला प्लग दोन दिवस चालतो. हंगामाच्या सुरुवातीला नवा घालावा आणि जुना पिशवीत ठेवावा. नवा घेताना जुन्यावरचा नंबर दाखवून त्याच लांबीचा घ्या. लांब आट्यांचा प्लग पिस्टनवर आपटतो. आधी हाताने पूर्ण बसवा, मग नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर जरासाच; सिलिंडर अॅल्युमिनियमचा आहे.

ठिणगी बघायची तर पेट्रोलचं झाकण घट्ट, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं, आणि प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब, त्याचं धातूचं अंग पंख्यांना टेकवून धरा. रबरी मुठीची पक्कड वापरा. सावलीत दोरी जोरात ओढली की निळी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळसर, मरगळलेली असेल तर नव्या प्लगवर परत बघा.

ठिणगी नाहीच, तर कॉइल घ्यायला धावू नका. आधी स्विचची वायर बघा. या मशीनमध्ये स्विच बंद करतो तेव्हा कॉइलची ती वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. तीच वायर हँडलपाशी घासून सोलली गेली तर मशीन कायमचं "बंद" राहतं. कॉइलपासून ती वायर सोडवा आणि ठिणगी बघा. आली, तर दोष वायरचा किंवा स्विचचा, आणि तो टेपने व नव्या स्विचने मिटतो. वायर सोडलेल्या अवस्थेत मशीन सुरू केलंत तर स्विचने बंद होणार नाही, चोक लावून बंद करावं लागेल. त्या अवस्थेत बागेत कामाला नेऊ नका. पातं फिरत असताना बंद न होणारं मशीन फार धोक्याचं.

वायर सोडूनही ठिणगी नाही, तर कॉइल आणि मॅग्नेट (चुंबक बसवलेलं इंजिनाचं फिरतं चाक) यांच्यातली फट बघा. ती साधारण ०.३ मिमी असते, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढी. मॅग्नेटची चुंबकाची बाजू कॉइलसमोर आणा, कॉइलचे स्क्रू सैल करा, मध्ये कार्ड घाला, चुंबक कॉइलला ओढून घेईल, स्क्रू आवळा, कार्ड काढा. गंज असेल तर पॉलिश पेपरने हलका घासा. इतकं करून ठिणगी नाही, तेव्हाच कॉइल.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या मशीनची ठिणगी थंडपणी बघून काही कळत नाही. बंद पडल्या पडल्या, जिथे आहे तिथे, हातमोजे घालून प्लग काढा आणि तपासा. गरम असताना ठिणगी नाही आणि अर्ध्या तासाने येते, तर कॉइल खराब आहे. गरम असतानाही ठिणगी चांगली असेल तर झाकणाकडे परत जा.

सायलेन्सर

मंद चालतं, रेस घेत नाही, चोक लावला की अधिकच गुदमरतं आणि एअर फिल्टर स्वच्छ आहे, तर सायलेन्सर काढा. बहुधा दोन-तीन स्क्रूंवर असतो. काही मशीनच्या सायलेन्सरच्या तोंडावर ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती आधी भरते; तारेच्या ब्रशने साफ करा. सिलिंडरच्या भोकात कार्बन असेल तर दोरी हळू ओढून पिस्टनने भोक पूर्ण झाका आणि मग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर नको. कार्बनचे तुकडे झटकून, मशीन उलटं करून पाडा.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. पिस्टनची बाजू गुळगुळीत हवी. उभे ओरखडे, धातू ओढल्यासारखे पट्टे दिसले तर इंजिनाने एकदा धरलंय. पुढची कुठलीही तपासणी करू नका, थेट शेवटचा भाग वाचा. पाच मिनिटांची ही नजर कार्बोरेटरवर वाया जाणारे पैसे वाचवते, म्हणून कार्बोरेटर उघडण्याआधी ती आवर्जून टाका.

आता कार्बोरेटर

वरचं सगळं चोख असून मशीन चोकवरच चालतं, तर कार्बोरेटर. त्याच्या बाहेरचे एल आणि एच खुणेचे स्क्रू (मंद आणि पूर्ण रेसला किती पेट्रोल जावं ते ठरवणारे) फिरवू नका. ते आपोआप बिघडत नाहीत. घाण अडल्यामुळे पेट्रोल कमी येतंय आणि तुम्ही स्क्रू उघडून ते भरून काढलंत, तर पुढे घाण सुटल्यावर सगळं मिश्रणच चुकतं. उलट एच आवळला की मशीन अचानक हलकं, वेगात आणि गोड चालायला लागतं, माणूस खूश होतो, आणि ऑइल कमी मिळाल्याने पिस्टन धरतो. हात लावायचा तर फक्त मंद रेसच्या स्क्रूला, तोही पातं थांबेपर्यंत रेस कमी करण्यासाठी.

स्वस्त ४३ किंवा ५२ सीसीच्या मशीनचा अख्खा कार्बोरेटर काही शे रुपयांत मिळतो. तिथे दुरुस्तीत दुपार घालवण्यापेक्षा बदलणं बरं. चांगल्या कंपनीच्या मशीनचा कार्बोरेटर महाग असतो, त्याला पडदे आणि गॅस्केटचा संच आणा.

उघडायचाच तर पांढऱ्या कापडावर, आणि प्रत्येक थर काढताना फोटो. एका बाजूला बहुधा एकच स्क्रू असतो; त्याखाली पंपाचा पातळ पडदा आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढी जाळी. ही जाळी भरलेली असणं हे अर्ध्या रेसवर मरण्याचं नेहमीचं कारण. दुसऱ्या बाजूला चार स्क्रू, त्याखाली मधोमध टिकली असलेला पडदा. तो बोटांनी हलवा: मऊ आणि निःशब्द असला पाहिजे. कडक, सुरकुतलेला, किंवा कागदासारखा वाजणारा पडदा पेट्रोल आत सोडणारी सुई नीट उघडू शकत नाही, म्हणून तो बदलायचाच. त्याखालची छोटी दांडी वाकवू नका. पडदे काढल्यावरच क्लीनरचा फवारा मारा, कारण तो रबर खराब करतो. चष्मा लावा, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. तार किंवा शिवणाची सुई जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) घालू नका, भोक मोठं झालं की कार्बोरेटर फेकायच्या लायकीचा होतो. बसवताना बहुतेक बनावटींत टिकलीच्या बाजूला बॉडीवर आधी गॅस्केट आणि मग पडदा येतो, पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि मग गॅस्केट. तुमचा फोटो वेगळं सांगत असेल तर फोटोचं ऐका. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं गॅस्केट फाटलं असेल तर नवं घाला, नाहीतर तिथून हवा शिरेल.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे न्या

दोरी ओढताना पूर्वीसारखा जोर लागत नाही, अगदी हलकी येते: दाब गेलाय. दाब मोजायचं गेज असेल तर थंड इंजिनावर, प्लगच्या भोकात लावून, ट्रिगर पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत ओढा. या आकाराच्या टू-स्ट्रोकला ११० पीएसआयच्या वर असेल तर बरं, ९० च्या खाली असेल तर रिंगा, पिस्टन किंवा सिलिंडर बघावा लागेल. सहज सुरू होण्यासाठी दाब सोडण्याची सोय असलेल्या इंजिनावर आणि बऱ्याच फोर-स्ट्रोकवर हा आकडा कमीच दिसतो, त्यावरून घाबरू नका.

रेस आपोआप चढते, मंद रेसच्या स्क्रूने खाली येत नाही: क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या जोडातून हवा शिरते आहे. अशा मशीनला पेट्रोलबरोबर ऑइलही कमी मिळतं. चोक लावून लगेच बंद करा आणि परत सुरू करू नका. यासाठी दाब आणि ओढ तपासायचं उपकरण लागतं, ते घरी नसतं.

पिस्टनवर ओरखडे, इंजिनातून धातूचा टक-टक आवाज, मॅग्नेट हाताने वर-खाली हलतो, टाकीलाच भेग, मंद रेस कमी करूनही पातं फिरत राहतं (क्लचची स्प्रिंग तुटलेली असू शकते), किंवा पात्याजवळचा गिअर हात लावता येणार नाही इतका तापतो: यांतलं काहीही असेल तर पाना खाली ठेवा. मशीन वॉरंटीत असेल तर प्लग, फिल्टर आणि पेट्रोल यांपलीकडे स्वतः काहीच उघडू नका.

दुकानात जाताना "चालत नाही" म्हणू नका. मशीनचं मॉडेल, कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर, गरम की थंड असताना बंद पडतं, चोकच्या चाचणीत काय झालं, ठिणगी आहे की नाही, आणि कोणकोणते भाग बदलले ते सांगा. पेट्रोल आणि ऑइल किती प्रमाणात घालता तेही लपवू नका. जुना प्लग आणि काढलेला फिल्टर बरोबर न्या, पुसून नव्हे, जसे निघाले तसेच.